‘घेतला’ म्हटल्याशिवाय

"घेतला?"

हातातली वस्तू दुसऱ्याला देताना मोठबा आधी हे विचारायचा. चाकू असो, चहाची बशी असो, नाहीतर शेजारणीचं रडतं पोर असो. समोरच्याने वस्तू धरली तरी याची पकड सुटायची नाही. समोरच्याने तोंडाने "घेतला" म्हणायचं, मग हा म्हणणार, "सोडतो," आणि मगच सोडणार. नवा पाहुणा गोंधळून जायचा. बशीच्या एका काठाला पाहुणा, दुसऱ्या काठाला मोठबा, आणि मध्ये चहा निवतोय.

"अवो भाऊ, 'घेतला' म्हना लवकर," आतून त्याची बायको ओरडायची. "नाई तं संध्याकाळलोक असेच बसान दोघं!"

मोठबा म्हणजे बापाचा थोरला भाऊ. माझा तो सख्खा कोणी नव्हता. मारेगावच्या बाजूला आमचं गाव, गावाबाहेर आमची वस्ती, आणि वस्तीतली सगळी पोरं त्याला मोठबा म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. तुमच्याही आळीत असा एखादा असेल, ज्याचं खरं नाव फक्त मतदार यादीत सापडतं. मी ते इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. मला हळहळ नको आहे.

त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी तो सरकी काढायच्या एका जिनात कामाला होता, कापसाच्या गासड्यांना तरट शिवायला. घाईच्या वेळी कोणीतरी उघडा कोयता त्याच्या हातात दिला. देणाऱ्याला वाटलं, यानं धरला. याला वाटलं, त्यानं अजून सोडला नाही. जखम चिघळली, बोटं गेली, बोटांमागे कामही गेलं. तो वस्तीत परत आला तो खिशात एक घडीचा चाकू घेऊन. लाकडी मूठ, आणि घासून घासून अर्धं झालेलं पातं.

आता विहिरीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली. घरातले देव बाहेर गेले आणि गावातली मेलेली ढोरं ओढणं आम्ही बंद केलं. गावानं याचं उत्तर पाण्यात दिलं. आधी आमच्या बाया गावच्या विहिरीपासून लांब घागर घेऊन उभ्या राहायच्या, आणि गावातल्या कोणा बाईच्या मनात आलं तर ती वरून पाणी ओतायची. ते ओतणंही थांबलं. "ढोरं ओढत नाई ना? मंग पानी कायले पाह्यजे?" असा सरळ सवाल होता. गावातली मजुरी बंद झाली. मोठी माणसं उजाडायच्या आत दूरच्या गावांना कामाला जायला लागली. मागे म्हातारे आणि पोरं उरली, आणि पाण्याचं काम पोरांच्या अंगावर आलं.

नाल्याच्या काठी एक सोडून दिलेली विहीर होती. बांधकाम नाही, कठडा नाही. वर काळी माती, खाली मुरूम. काळी माती काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. चैत्र लागला की पाणी तळाच्या दगडांत डबक्याएवढं राहायचं. बादली बुडायची नाही. मग सगळ्यांत हलकं पोर दोराला बांधून खाली सोडायचं, त्यानं डालड्याच्या डब्यानं बादली भरायची आणि वरच्यांनी ती ओढायची. इतर ठिकाणी पोर वाढत नाही म्हणून आया काळजी करतात. आमच्या वस्तीत पोर वाढलं, जड झालं, की आईचा जीव भांड्यात पडायचा.

शेवंता तेव्हा आठेक वर्षांची असेल. तिच्या भावांनी तिच्या छातीला सरकफास टाकून तिला खाली सोडलं. सरकफास वजन पडलं की आवळत जातो, हे त्या पोरांना कोण सांगणार? वर ओढली तेव्हा तिचे ओठ निळे होते. गाठ मांसात रुतलेली, कोणालाच सुटेना. मोठबा नाल्याकडून येत होता. त्यानं दोराखाली आपली उरलेली बोटं घातली, पातं बाहेरच्या अंगाला फिरवलं आणि दोर कापला. शेवंतानं श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. मोठबा तिथेच मातीत बसला. किती तरी वेळ त्याच्याकडून तो चाकू मिटेना.

दुसऱ्या दिवसापासून त्याची शाळा सुरू झाली. निळ्या झेंड्याच्या ओट्यावर, पाणी भरून झाल्यावर.

"पयले गाठ, मंग चाकू," हे त्याचं पहिलं वाक्य. "ज्याले गाठ सोडता येत नाई, त्याले कापाचा अधिकार नाई."

"मोठबा, दातानं सोडू का?"

"सोड. दात पडन तं तोबी दोरीनं बांधून देतो तुले."

बायको दारातून हाणायची, "घरची खाट झोळीवानी लोंबून राह्यली, अन् हे निंगाले दुनियेले गाठी शिकवाले!"

"खाटेवरून पडलं तं मानूस हातभर पडते," तो म्हणायचा. "राहू दे."

सगळ्यात महत्त्वाची गाठ म्हणजे अंगाभोवती टाकायची, न आवळणारी. तिला तो पाहुण्याची गाठ म्हणायचा. दोराला एक बारीक वेढा द्यायचा, ते घराचं दार. वर जाणारा दोर म्हणजे खांब. मग टोक अंगाभोवती फिरवून आणायचं आणि म्हणायचं, "पाहुना दारातून आत आला. खांबाले वळसा मारला. घरात पानी नाई, चहा नाई. आल्या दारानं वापस गेला." टोक ओढून बसवलं की अंगाभोवतीचा फेरा काही केल्या आवळत नाही. पोरं हे एका सुरात म्हणायची आणि 'पानी नाई'वर खदखदून हसायची. ओट्याखाली उभे असलेले म्हातारे आणि मी मात्र हसत नव्हतो.

चाकूचे नियम वेगळे. बसून कापायचं. पातं अंगापासून दूर ढकलायचं. उघडा चाकू घेऊन पाऊलही टाकायचं नाही. कापायच्या आधी बसल्या जागी हात गोल फिरवायचा, ज्याला लागेल त्यानं उठून दूर व्हायचं. आणि चाकू हातातून निसटला तर तो झेलायचा नाही. "पडू दे. चाकू पडला तं उचलता येते. बोट पडलं तं कोन उचलून देते?" असं म्हणून डावा हात वर करून दाखवायचा. पोरं तो हात अशा आदरानं पाहायची की जणू त्यानं दोन बोटं देऊन लढाई जिंकली होती.

मी तेव्हा विशीतला. यवतमाळला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून आलेला. खिशात पत्रकं आणि डोक्यात जाळ. मला हा ओट्यावरचा प्रकार आवडत नव्हता, तो आजही तत्त्व म्हणून आवडत नाही. कायद्यानं गावची विहीर आमची असताना मेलेल्या विहिरीत नीट कसं उतरायचं हे पोरांना काय म्हणून शिकवायचं? मी ते त्याला तोंडावर म्हटलं.

"मंग नको शिकवू?" त्यानं विचारलं.

पोरं तेवढ्यात बादल्या घेऊन निघाली होती.

पण एका गोष्टीवर मी भडकलो. सुरुवातीला तो पोरांना शिकवायचा की चाकू कोणाच्या हातात देऊ नये, जमिनीवर ठेवावा आणि दुसऱ्यानं उचलावा. हातात दिला तर भांडण होतं, असं जुनी माणसं म्हणत.

"मोठबा," मी म्हटलं, "दुकानदार तुले मीठ कसं देते?"

तो पातं पुसत राहिला.

"हातात देते का? भुईवर ठेवते. पैसे भुईवर ठेवाले लावते. साऱ्या जन्मात गावातल्या कोन्या मानसानं तुह्या हातात काही देल्लं? अन् तू आपल्याच पोट्ट्याइले शिकवून राह्यला, भुईवर ठेवा, भुईवरचं उचला!"

मोठबानं चाकू मिटला. मग म्हणाला, "तुहं खरं हाय. पन हातातून हातात देतानाच माहे बोटं गेले, बाबू."

"मंग नीट देनं शिकव."

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा नियम आणला. चाकू मिटायचा, मूठ समोरच्याकडे करायची, विचारायचं, "घेतला?" समोरचा "घेतला" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मग आपण म्हणायचं, "सोडतो." आमच्या वस्तीत जमिनीवर ठेवणं त्या दिवशी बंद झालं. मीठ, मिरची, हळद, काही असो, पोरं हातातून हातात द्यायला लागली आणि प्रत्येक वेळी विचारायला लागली. दळणाचं पीठ घ्यायला गेलं तरी "घेतलं?" हा सवाल. दिवसभर वस्तीत त्याचाच गलका. दीक्षेनंतर इतका मोठा बदल मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यात अर्धा वाटा माझा आहे हे मी सांगणार.

नंतर मी पत्रक छापलं. मथळा होता, 'पाणी कोणाच्या बापाचं?' मोठबानं ते वाचून घेतलं आणि म्हणाला, "जमलं. पन मधातलं वाक्य लंबं झालं. वाचनारा फसून मरन त्याच्यात." मारेगावच्या कचेरीत मी ते पत्रक आणि अर्ज दिला. साहेबानं सांगितलं, कायदा तुमच्याच बाजूनं आहे, विहिरीवर जा, कोण अडवतं ते आम्ही पाहू.

आम्ही गेलो. बायामाणसं, म्हातारे, सगळेच. वस्तीतला सगळ्यात लांब आणि चांगला दोर मोठबाच्या खांद्यावर होता, अंबाडीचा, त्यानं स्वतः वळलेला. विहिरीवर गावातली माणसं काठ्या घेऊन बसली होती. पाहू म्हणणारे साहेब नव्हते. एक शिपाई होता, तो झाडाखाली तंबाखू मळत होता.

मोठबानं दोराला बादली बांधली आणि आत सोडली. एका माणसानं पुढे होऊन विळ्यानं दोर कापला. बादली खाली आपटल्याचा आवाज आला. कोणी हात उचलला नाही, आमच्यातल्याही कोणी नाही. आम्ही तसं ठरवूनच गेलो होतो. मोठबानं दुसरी बादली मागितली, उरलेल्या दोराला बांधली आणि पुन्हा सोडली. त्या माणसानं पुन्हा कापला, यावेळी वरून, हातभर अंतरावर. खालचा तुकडा बादलीसकट विहिरीत जात होता, तो मोठबानं पायाखाली धरला, दोन्ही टोकं गाठीनं जोडली आणि पुन्हा सोडला.

"किती डाव बांधशीन बे?" तो माणूस म्हणाला.

"तू किती डाव कापशीन?"

गावातली माणसं हसायला लागली. त्यांना खेळ सापडला होता. तो कापायचा, हा जोडायचा. पण जोडाला दोर लागतो. प्रत्येक गाठ थोडा दोर खाते, आणि प्रत्येक घावाला एखादा तुकडा विहिरीत जात होता. शेवटी मोठबानं बादली सोडली तेव्हा ती पाण्याच्या वरच लोंबत राहिली. खाली पाणी दिसत होतं आणि बादली पोचत नव्हती. विळेवाल्यानं विळा खाली केला. आता कापायची गरजच नव्हती.

आम्ही रिकाम्या घागरी घेऊन परतलो. मोठबाच्या खांद्यावर तो गाठीगाठींचा आखूड दोर होता. त्या रात्री त्याच्या घरात चूल पेटली नाही असं त्याची बायको म्हणाली. शिपाई परत जाऊन काय बोलला मला माहीत नाही. साहेबांकडून पुढे काही आलं नाही.

नवा दोर मिळेना. अंबाडी होते शेताच्या धुऱ्या-बांधावर, शेतं त्यांची. दुकानदारानं दोर विकायला नकार दिला. दुरून आणायचा तर बैलांचे जुने कासरे मिळाले, ते उन्हापावसानं कुजलेले. मोठबानं ते ओढून पाहिले आणि फेकून दिले. "याच्यावर पोट्टं नाई बांधत मी." मग नाल्याकाठच्या विहिरीवर तोच आखूड दोर. पोराला अर्ध्यावरच्या कपारीपर्यंत सोडायचं, तिथे त्यानं फेऱ्यातून निघून हातापायांनी खाली उतरायचं आणि डबा भरभरून कपारीवरच्या बादलीत आणून ओतायचा. मोठबा रोज काठावर उभा राहायचा. पूर्वीसारखा विनोदही करायचा नाही.

"किती दिवस असं?" मी एकदा विचारलं.

"पोट्टे जड होईपर्यंत," तो म्हणाला.

ते वैशाखातलं दुपारचं ऊन होतं. आम्ही दोघं ओट्यावर बसून पुढच्या मोर्च्याचं बोलत होतो. शेवंता धावत आली. ती आता मोठी झाली होती, दोर धरणाऱ्यांत तिचा पहिला नंबर होता. खाली उतरली होती सुजाता. दीक्षेनंतर वस्तीत जन्मलेलं पहिलं पोर म्हणून तिचं हे नाव ठेवलं होतं. कपारीवरून उतरताना तिचा पाय घसरला होता, आणि ती तळाशी पडून उठत नव्हती.

विहिरीवर पोचल्यावर मी म्हटलं, "मी उतरतो."

"तू वर पाह्यजे. वढाले कोन हाय? हे पोट्टे?" मोठबानं खिशातून चाकू काढला, मिटलेला आहे ना हे पाहिलं आणि मूठ माझ्याकडे केली. चाकू घेऊन चढायचं-उतरायचं नाही, हा त्याचाच नियम.

"घेतला?"

"घेतला."

"सोडतो."

आणि तो उतरला. दोराशिवाय, कपारींना हात घालत. दोर त्याला पुरलाच नसता. तळाशी जाऊन त्यानं पोरीला उचललं. पाय मोडला होता, पण ती शुद्धीवर होती. त्यानं तिला चांगल्या पायावर, भिंतीला टेकवून, खांद्यावर उभं केलं. तरी दोर जेमतेम तिच्या काखेखालून फिरेल एवढाच पुरला.

"मले पुरत नाई, माय," खालून त्याचा आवाज आला. "तूच बांध आपली आपन. म्हन पाहू, पाहुना..."

आणि विहिरीतून एक बारीक, हुंदके देणारा आवाज वर आला. "पाहुना दारातून आत आला..." मध्येच थांबला. "खांबाले वळसा मारला..." शेवंताचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. "घरात पानी नाई, चहा नाई..." दोर दोनदा हिसकला. मग, "आल्या दारानं वापस गेला."

मोठबानं खालून विचारलं, "घेतली?"

मी आणि शेवंतानं दोर ताणला. "घेतली!"

"सोडतो."

सुजाता वर आली. फेरा तिच्या काखेखाली जसाच्या तसा होता, बोटभरही आवळला नव्हता. शेवंतानं गाठ सोडली, पोर माझ्या हातात दिली आणि दोर परत खाली सोडला. "मोठबा, दोर आला!" मी वाकून पाहिलं. त्यानं पहिल्या कपारीवर पाय ठेवला होता. तीन बोटांचा हात वरच्या कपारीला धरून होता. त्यानं वर पाहिलं आणि काही तरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात समोरच्या बाजूची दरड भेगेच्या रेषेवरून सुटली. फार मोठा आवाजही झाला नाही. एवढी माती, आणि ती अशी बसली जशी भिजलेली भिंत बसते.

गावातून माणसं आली. लांब उभी राहिली, आमच्या बाया घागर घेऊन उभ्या राहायच्या तेवढ्याच लांब. आम्ही फावडी मागितली. कोणी हातात दिली नाहीत. भुईवरही ठेवली नाहीत. आम्ही हातांनी, डब्यांनी, बादल्यांनी माती उपसली.

पंचनाम्यात 'अपघात' असं लिहिलं गेलं. दोर आखूड कसा झाला हे त्यात नाही. मी पत्रकात दुसरा शब्द छापला. तो शब्द मागे घ्या असं मला कचेरीत बोलावून सांगण्यात आलं. घेत नाही. आज हे लिहितानाही घेत नाही. चाकू माझ्याजवळ आहे, आणि गावची विहीर अजून तिथेच आहे, पाण्यानं भरलेली.

त्या दिवशीचं एकच सांगायचं राहिलं. ऊन कललं, कामावर गेलेली माणसं परतली, विहिरीभोवती रडारड सुरू झाली, तरी शेवंता काठावर तशीच बसून होती. दोर तिच्या दोन्ही मुठींत, दुसरं टोक खाली मातीत गाडलेलं. तिची आई तिच्याजवळ बसली आणि तिचं एकेक बोट उघडायला लागली.

"सोड माय. सोड आता तो दोर."

शेवंतानं मुठी आणखी घट्ट केल्या.

"कशी सोडू वं," ती म्हणाली. "तो अजून 'घेतला' म्हनला नाई."